फणसकोंडच्या धावा आणि बेशुद्ध कंट्रोलर

शशिकांत रेवाळ्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला सव्वाअकरा मिनिटं लागत. ही वेळ खुद्द रेवाळ्यांनी घड्याळ लावून मोजली होती, आणि रेवाळ्यांनी मोजलेल्या आकड्यावर मीरा रोडच्या पूनम सागरपासून बेव्हर्ली पार्कपर्यंत विखुरलेल्या फणसकोंडकरांपैकी कोणीही आजवर शंका घेतलेली नव्हती. सकाळी बटण दाबायचं, पूजा उरकायची, चहा घ्यायचा, पेपरातल्या निधनाच्या बातम्या बघायच्या आणि मग येऊन बसायचं, तर पडद्यावरचं ते गोल चक्र शेवटचे दोन वळसे घेत असायचं. रेवाळ्यांची काही तक्रार नव्हती. शिधावाटप कार्यालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला सव्वाअकरा मिनिटं म्हणजे काम जवळजवळ ताबडतोब झाल्यासारखंच वाटतं.

कारकुनी हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. खरे रेवाळे म्हणजे स्कोअरर. रत्नागिरीकडच्या फणसकोंड गावातली माणसं मुंबईत आली, मुंबईतून सरकत सरकत मीरा-भाईंदरला आली, आणि दरवर्षी फेब्रुवारीत घोडबंदरच्या बाजूला एका मैदानावर गावातल्या पाच वाड्यांच्या पाच टीमा टेनिस बॉलने एकमेकींवर तुटून पडू लागल्या. पहिल्या वर्षापासून टेबलाशी वही घेऊन बसले ते रेवाळे. कॅच सुटला की लोक आधी कॅच सोडणाऱ्याला शिव्या देत, आणि मग रेवाळ्यांकडे बघत, लिहिलं का म्हणून. रेवाळ्यांनी लिहिलेलं असायचं. त्यांच्या धाकट्या भावाला एकदा शून्यावर पायचीत दिलं, तेही त्यांनी मान वर न करता लिहिलं. भाऊ वर्षभर जेवायला आला नाही.

अशा तेवीस वर्षांच्या तेवीस वह्या माळ्यावर होत्या. वर्षं पंचवीस, पण करोनाची दोन वजा. गेल्या वर्षी त्या वह्यांना वाळवी लागली आणि वाळवी माळ्यावरून मनोरमाबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांपर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "अहो, एकतर वह्या ठेवा, नाहीतर मला ठेवा."

रेवाळ्यांनी दोन दिवस विचार केला. हे मनोरमाबाई अजून विसरलेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटरवर बसले आणि दोन बोटांनी, चौदा महिन्यांत, तेवीस वर्षांची एकेक धाव टाइप केली. वह्या रद्दीवाल्याला गेल्या. आणि आता फणसकोंडकरांच्या मंडळाचा रौप्यमहोत्सव येऊन ठेपला होता. स्मरणिकेत आकडेवारी छापायची होती, स्टेजवर पंचवीस वर्षांत सर्वाधिक धावा काढणाऱ्याचा सत्कार व्हायचा होता, आणि कॉम्प्युटर मात्र एक तक्ता उघडायलाही आता वीस मिनिटं घेऊ लागला होता.

"काका, एसएसडी टाका," वरच्या मजल्यावरची सलोनी म्हणाली. ती मालाडला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचंच काहीतरी करायची. "जुनी हार्डडिस्क काढायची, ही टाकायची. नऊ सेकंदांत सुरू होईल."

"नऊ सेकंदांत? मग पूजा कधी करू?"

"पूजा नंतर करा. पण घेताना एक लक्षात ठेवा. किती जीबी ते बघू नका, कंट्रोलर कोण आहे ते बघा. सगळं त्याच्यावर असतं."

रेवाळे सावरून बसले. कंट्रोलर हा शब्द ते निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या कार्यालयात कंट्रोलर म्हणजे सर्वांत मोठा साहेब. त्याच्या केबिनला वेगळा पंखा असे, दरवाज्याला हिरवा पडदा असे, आणि त्याच्या सहीवाचून गव्हाचा दाणा हलत नसे.

"आतमध्ये कंट्रोलर असतो?"

"असतोच. कुठला डेटा कुठे ठेवायचा, मागितला की कुठून काढायचा, कुठली जागा झिजली, सगळं तो बघतो. कंट्रोलर चांगला असला तर हलका मालही सांभाळून घेतो. तोच वाईट निघाला तर बाकी सगळं उत्तम असून उपयोग नाही."

"अगं, हे तू मला सांगतेस!" रेवाळे कळवळून म्हणाले. "मी सात कंट्रोलर पाहिलेत. त्यातला एक बरा होता. मग यात नाव कोणाचं चांगलं आहे?"

"तीच तर पंचाईत आहे. कंपनी सुरुवातीला चांगला कंट्रोलर घालते, लोक चांगलं लिहितात, खप वाढतो. मग गुपचूप आतला कंट्रोलर बदलतात. खोकं तेच, नाव तेच."

"बदलीची ऑर्डर न काढता?"

"कसलीच ऑर्डर नाही."

रेवाळ्यांना हा प्रकार फार लागला. साहेब बदलायचा आणि दरवाज्यावर पाटी जुन्याच साहेबाची ठेवायची, असलं धाडस सरकारातही कोणी केलं नव्हतं. त्यांनी पुढचे चार दिवस इंटरनेटवर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचले, एकूण तीनशे बारा. एकाच डिस्कबद्दल एकाने लिहिलं होतं, 'दोन महिन्यांत मेली, कोणी घेऊ नका.' त्याच्याखालच्याने लिहिलं होतं, 'तीन वर्षं झाली, उत्तम.' एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून वापरलेली नाही.' एकाने एक तारा दिला होता, कारण डिलिव्हरीवाल्याने बेल दोनदा वाजवली. रेवाळ्यांनी या सगळ्याचा वहीत तक्ता केला, बेरजा मारल्या, सरासरी काढली, आणि शेवटी त्यांना फक्त एवढं कळलं की आपल्याला काही कळलेलं नाही.

शेजारच्या हसमुखभाईंनी गुंता सोडवला. "रेवाळेभाई, तुम्ही लई विचार करता. आपला ओळखीचा दुकानदार आहे. मेरा नाम बोलना."

दुकानात रेवाळ्यांनी हसमुखभाईंचं नाव सांगितलं. दुकानदाराला ते नाव आठवलं नाही, पण त्याने आठवल्यासारखं केलं आणि काचेखालून एक डिस्क काढली. आकाराने ती बिस्किटाच्या लहान पुड्याएवढी होती. तेवीस वर्षं त्यात मावणार हे रेवाळ्यांना पटेना.

"इसका कंट्रोलर कौन है?" त्यांनी विचारलं.

"अंकल, कंपनी का है।"

"वो मालूम है. नाम क्या है? पहले का है कि बदली होके आया है?"

दुकानदाराने डिस्क उलटसुलट करून दाखवली. "अंदर है। दिखता नहीं।"

"तो खोल के दिखाओ."

"खोलेंगे तो स्टिकर फटेगा। स्टिकर फटा तो गॅरंटी गई।"

म्हणजे कंट्रोलर कोण हे पाहिल्याशिवाय डिस्क घेऊ नये, आणि पाहिला की डिस्क घेण्यात अर्थ उरत नाही. रेवाळ्यांनी मनात नियम दोनदा वाचून पाहिला. नियम पक्का होता. असला नियम आपल्या कार्यालयाला कसा सुचला नाही याचं त्यांना थोडं वैषम्यही वाटलं. त्यांनी डिस्क घेतली. दुकानदाराने जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून दिलं आणि जुनी डिस्क बदल्यात ठेवून घेतली.

पुढचे अकरा दिवस रेवाळ्यांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. कॉम्प्युटर खरोखर नऊ सेकंदांत सुरू होई. चहा मात्र तितक्या लवकर होत नसे, त्यामुळे मनोरमाबाईंना दोनदा ऐकून घ्यावं लागलं आणि तिसऱ्यांदा रेवाळ्यांना. आकडेवारीचे तक्ते पटापट उघडत. सलोनीने बजावलं होतं, "काका, दुसरी कॉपी ठेवा." रेवाळे शिस्तीचे. त्यांनी त्याच दिवशी सगळ्याची दुसरी कॉपी केली आणि 'दुसरी कॉपी' असं नाव देऊन त्याच डिस्कमध्ये, पहिलीच्या शेजारी, नीट ठेवली.

बाराव्या दिवशी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की या यंत्रात डिस्क नाही.

रेवाळ्यांनी झाकण काढून पाहिलं. डिस्क होती. त्यांनी ती बोटाने दाखवली. कॉम्प्युटरवर काही परिणाम झाला नाही.

ते डिस्क घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने ती आपल्या मशीनला जोडली आणि चुकचुकला. पडद्यावर डिस्क आपलं नाव भलतंच सांगत होती, काही अक्षरं आणि पुढे आठ शून्य. आणि दोनशे चाळीस जीबीच्या ऐवजी अंगात आठ एमबीच जागा आहे, असंही तिचं म्हणणं होतं.

"कंट्रोलर गया।"

"कुठे गेला?"

"मतलब बेहोश है। अंकल, आपका माल सब अंदर है। लेकिन कौन सा टुकड़ा किधर रखा है, वो सिर्फ उसको मालूम था।"

एवढं मात्र रेवाळ्यांना स्वच्छ समजलं. गोदाम भरलेलं आहे, नोंदवही साहेबाच्या डोक्यात आहे, आणि साहेब शुद्धीवर नाही. त्यांनी असं एकदा प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. तेव्हा मात्र निदान साहेबाच्या तोंडावर पाणी मारता आलं होतं.

"आणि माझी जुनी डिस्क?"

"वो तो दूसरे दिन ही पुसून विकली।" दुकानदार एवढं एकच वाक्य मराठीमिश्रित बोलला, बहुधा सांत्वन म्हणून. "टेन्शन मत लो। गॅरंटी है। कंपनी नया देगी।"

"नवी डिस्क देईल. नव्या धावा देईल का?"

तरीही रेवाळे कंपनीच्या अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरात गेले. तिथे काही उपाय असेल, निदान वरच्या अधिकाऱ्याकडे अपील असेल, अशी त्यांची समजूत. टोकन घेऊन तास-सव्वा तास बसल्यावर काउंटरवरच्या दिव्या नावाच्या मुलीने डिस्क जोडली, बिल पाहिलं आणि दोन्ही परत केली.

"सर, नाव मॅच होत नाही."

"कसलं नाव?"

"बिलावर आमच्या डिस्कचं नाव आहे. ही डिस्क वेगळं नाव सांगतेय. सिस्टिमच्या मते ही आमची डिस्कच नाहीये."

"अहो, तिची स्मृती गेली आहे! म्हणूनच तर आणली!"

"बरोबर आहे सर. पण नाव मॅच झाल्याशिवाय मला तक्रार घेता येत नाही."

रेवाळे काउंटरला धरून उभे राहिले. चौतीस वर्षं ते काउंटरच्या त्या बाजूला बसले होते. रेशनकार्डावर शेवंती आणि अर्जावर शेवंताबाई, म्हणून त्यांनी एका म्हातारीला तीन खेपा घालायला लावल्या होत्या. तेही 'बरोबर आहे आजी, पण' असंच म्हणत असत. या मुलीचा आवाज अगदी आपल्यासारखा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

"मी अ‍ॅफिडेव्हिट देतो," ते खचून म्हणाले. "मी खाली सही करणार शशिकांत रेवाळे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की ही डिस्क तीच आहे."

"अ‍ॅफिडेव्हिट चालत नाही सर. नाव नीट दिसतंय असा फोटो चालेल."

फोटो कशाचा काढायचा हे त्यांना समजलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. ते घरी आले.

घरी सल्लागार जमलेलेच होते. हसमुखभाई म्हणाले, "फ्रीजर में रख दो, दो घंटा. माझ्या साडूची हार्डडिस्क अशीच चालू झाली." सलोनी म्हणाली, "काका, हे जुन्या फिरत्या डिस्कचे उपाय. हिला तसंच वीज जोडून अर्धा तास नुसतं ठेवा, कधीकधी कंट्रोलर भानावर येतो." रेवाळ्यांनी दोन्ही केलं. अर्धा तास वीज देऊन ते हात जोडून समोर बसले. डिस्क भानावर आली नाही. मग दोन तास ती सुकटीच्या डब्याशेजारी फ्रीजरमध्ये होती, तिथून बाहेर आली तेव्हा तिला सुकटीचा वास येत होता. नाव ती अजूनही भलतंच सांगत होती, पण आता अंगातली जागा शून्य असल्याचं सांगू लागली होती. भाईंदरला माहिती परत काढून देणारा एक गृहस्थ भेटला. त्याने डिस्क उघडली, आतल्या कंट्रोलरवरचा नंबर भिंगाने वाचला आणि म्हणाला, "ह्याचं नाव बाजारात फार खराब आहे." रेवाळ्यांना ज्या प्रश्नाचं उत्तर महिन्यापूर्वी हवं होतं, ते असं मिळालं. डिस्कमधून मात्र त्यालाही काहीच काढता येणार नव्हतं.

महोत्सवाला अठरा दिवस उरले होते. रेवाळ्यांनी हे मनोरमाबाईंखेरीज मंडळात कोणालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांच्याकडे गाडी नव्हती, मोठा फ्लॅट नव्हता. गावात आणि मीरा रोडला मिळून त्यांची एकच गोष्ट होती, की रेवाळ्यांनी लिहिलं म्हणजे ते खरं.

त्याच संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष आत्माराम धनावडे घरी आले. बेव्हर्ली पार्कला त्यांचं फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस होतं, आणि वरच्या वाडीचे ते पूर्वीचे सलामीचे फलंदाज.

"शशीभाऊ, सन्मानचिन्ह करायला टाकलंय. 'पंचवीस वर्षांतील सर्वश्रेष्ठ फलंदाज'. नाव फक्त कोरायचं राहिलंय." त्यांनी चहा बशीत ओतला. "माझेच असतील ना सगळ्यात जास्त?"

"पडताळणी चालू आहे," रेवाळे म्हणाले. हे वाक्य त्यांना नोकरीत कधीच दगा देत नसे.

"करा, करा. तुमच्या तोंडून आकडा आला की विषय संपला. तुम्ही पंधराशे म्हणालात तर पंधराशे. कोण विचारतंय?"

आत्माराम हसत हसत गेले, पण रेवाळ्यांचा चहा बशीतच निवून गेला. कारण सर्वाधिक धावांसाठी दावेदार दोन होते. एक आत्माराम, दुसरा खालच्या वाडीचा दत्ताराम पाष्टे, घोडबंदरला टेम्पो चालवायचा. दोघांत फरक चौदा धावांचा होता. हा चौदाचा आकडा रेवाळ्यांच्या डोळ्यांसमोर लखलखीत उभा होता. कोणाच्या बाजूने चौदा, तेवढं आठवत नव्हतं. सकाळी उठले की त्यांना वाटे दत्ताराम. दुपारी जेवून पडले की वाटे आत्माराम.

"तुम्हीच टाइप केलंत ना?" मनोरमाबाई म्हणाल्या.

"बेरीज कॉम्प्युटरने केली. मी फक्त वाचली."

मग त्यांच्यातला कारकून जागा झाला. त्यांनी एक फॉर्म तयार केला. 'स्वयंघोषणापत्र. मी, खालच्या / वरच्या / मधल्या / गुरव / कातळ वाडीचा खेळाडू, घोषित करतो की माझ्या एकूण व सामनावार धावा, बळी व कॅच पुढीलप्रमाणे.' खाली कारण लिहिलं: पडताळणीसाठी. खोटं काही नव्हतं. एकसष्ट खेळाडूंना फॉर्म गेले, आणि फणसकोंडच्या इतिहासात पहिल्यांदाच एकसष्टपैकी साठ माणसांनी एखादा कागद वेळेत भरून दिला. अपवाद फक्त एकाचा, पण तो कोण हे रेवाळ्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही, कारण बाकीचे साठ वाचून त्यांना गरगरायला लागलं.

दोन हजार अकराच्या फायनलचा एक फोटो आत्मारामांच्या ऑफिसात टांगलेला होता. त्यात मागच्या फळ्यावर वरच्या वाडीची धावसंख्या स्पष्ट दिसे, एकसष्ट. त्या सामन्यात वरच्या वाडीच्या खेळाडूंनी स्वतः लिहून दिलेल्या धावांची बेरीज एकशे अडतीस भरली. समोरच्या गोलंदाजांनी मिळून त्याच डावात चौदा बळी घेतले होते. एकच कॅच तिघांनी पकडला होता. सुटलेला मात्र एकही नव्हता. आत्मारामांनी आपल्या धावा सोळाशे लिहिल्या होत्या आणि पुढे कंसात 'कमीत कमी'.

दत्तारामचा फॉर्म एका ओळीचा होता. 'अंदाजे हजार. त्यातून अठरा वजा करावे. एका सेमीफायनलला बॅटची कड लागली होती, पंचांना ऐकू आलं नाही, मी सांगितलं नाही.'

रेवाळ्यांनी त्याला फोन लावला. "अरे दत्ताराम, हजार काय लिहितोस? तुझे तर चौदाशेच्या आसपास होते."

"नक्की, शशीदादा? तुम्ही सांगाल ते बरोबर. मी कधी मोजले नाय. तुम्ही लिहिताय म्हटल्यावर मी कशाला मोजू?"

रेवाळ्यांनी फोन ठेवला आणि दत्तारामचा फॉर्म पुन्हा वाचला. मनोरमाबाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही. तो मोजत नव्हता."

महोत्सव रविवारी सकाळी हॉलमध्ये होता. चारशे माणसं, बायकांच्या नव्या साड्या, बाहेर मटणाचा वास. स्मरणिकेत आकडेवारीच्या पानावर एका पतपेढीची जाहिरात आली होती, कारण रेवाळ्यांनी मजकूर दिलाच नव्हता. तो 'प्रत्यक्ष जाहीर करणार' अशी त्यांनी थाप मारली होती. आत्मारामांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. शाल टेबलावर, सन्मानचिन्ह शालीवर.

"आता आपले शशीभाऊ," आत्माराम माइकवर म्हणाले, "आकडा जाहीर करतील."

रेवाळे उठले. रात्रीपासून त्यांनी दोन भाषणं तयार केली होती, एक आत्मारामांच्या बाजूचं आणि एक दत्तारामच्या, आणि दोन्ही एकाच खिशात होती. ते माइकसमोर गेले, खिशात हात घातला, आणि कुठला कागद कुठला हे बोटांना कळेना.

"मंडळी," ते म्हणाले. "आकडा माझ्याकडे नाही."

त्यांनी रिकामाच हात खिशातून बाहेर काढला.

"वह्या मी रद्दीत दिल्या. कॉम्प्युटरमध्ये जे होतं ते गेलं. आत एक कंट्रोलर असतो, तो..." त्यांना पुढे समजावून सांगायचं होतं, पण त्यांनी ते सोडून दिलं. "दोघांत चौदा धावांचा फरक होता एवढं आठवतं. पुढे कोण होता ते आठवत नाही. मी खोटा आकडा सांगणार नाही. मला माफ करा."

आणि त्याच क्षणी माइकही गेला. मग जे व्हायचं ते झालं. वरची वाडी उभी राहिली, खालची वाडी उभी राहिली. कोणी म्हणालं रेवाळे विकले गेले, कोणी म्हणालं रेवाळे म्हातारे झाले, आणि दुसरं ऐकून त्यांना पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. आत्माराम हातवारे करून सोळाशे, सोळाशे म्हणत होते. दत्ताराम मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

या गलक्यात शिवा मांडवकर स्टेजवर चढला. पूनम सागरला तो कुकर-मिक्सर दुरुस्त करायचा, म्हणून मंडळाचा माइकही त्याच्याच गळ्यात. खालच्या वाडीकडून तेवीसच्या तेवीस वर्षं खेळलेला, नेहमी अकरावा. तो वाकून वायर जोडू लागला. माइक खरखरला आणि सुरू झाला, तसं खालून कोणीतरी ओरडलं, "शिवा, तुझ्या किती रे?"

हॉलमध्ये हशा पिकला. शिवाही हसला. फॉर्म न भरलेला एकसष्टावा माणूस तो हाच, हे रेवाळ्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"पहिल्या वर्षी शून्य!" वरच्या वाडीतून आवाज आला. "पहिल्याच बॉलला दांडी!"

"दुसऱ्या वर्षी पण शून्य! तेव्हा बॅट उलटी धरली होती!"

"तिसऱ्या वर्षी दोन!" खालची वाडी म्हणाली. "बॉल गुरांच्या कुंपणात गेला म्हणून!"

"दोन हजार पाचला एक, आणि दुसरी घेताना चप्पल राहिली म्हणून परत फिरला, रनआउट!"

"बरोबर! मीच फेकला होता!" दुसऱ्या बाजूने साक्ष आली.

रेवाळ्यांनी नकळत खिशातलं एक भाषण काढलं, कोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं. वर्षामागून वर्ष येत गेलं. पाचही वाड्या सांगत होत्या, आणि चमत्कार असा की एकाचं सांगणं दुसऱ्याशी तंतोतंत जुळत होतं. आत्मारामांच्या सोळाशेपैकी सहा धावांवर ज्यांचं एकमत होत नव्हतं, त्यांना शिवाचं प्रत्येक आउट होणं गोलंदाजाच्या नावासकट पाठ होतं. कोणी नक्कल करून दाखवत होतं. बायकाही सांगू लागल्या. मनोरमाबाईंनी उठून दोन हजार सोळाचा हिट-विकेट सांगितला. सगळे हसत होते, पण त्या हसण्यात आता काहीतरी वेगळं मिसळत चाललं होतं, कारण सांगता सांगता सगळ्यांच्याच लक्षात येत होतं की हा माणूस दरवर्षी आला होता.

रेवाळ्यांनी बेरीज केली, पुन्हा उलट्या बाजूने केली, आणि माइकवर आले. त्यांचा आवाज आता नेहमीचा होता.

"शिवा मांडवकर. तेवीस स्पर्धा. एकूण धावा तेवीस. कोणाची हरकत?"

एकही हात वर झाला नाही. चारशे माणसांत एकही नाही.

"मग आजच्या दिवसाला माझ्याकडे पक्का असा एवढाच आकडा आहे," रेवाळे म्हणाले आणि आत्मारामांकडे वळले. "सत्कार पक्क्या आकड्याचाच करता येतो, अध्यक्षसाहेब."

आत्मारामांनी शालीकडे पाहिलं, सन्मानचिन्हाकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं. हॉल टाळ्या वाजवत होता. त्यांनी सुस्कारा सोडला, शाल झटकली आणि 'पंचवीस वर्षांतील सर्वश्रेष्ठ फलंदाज' हे चिन्ह स्वतःच्या हातांनी शिवाला दिलं. मग त्यांनाच हसू आवरेना.

शिवा शाल सावरत माइकसमोर उभा राहिला. बोलायची सवय नव्हती. दोनदा घसा खाकरला.

"चोवीस," तो म्हणाला.

"काय?"

"तेवीस नाय, शशीदादा. चोवीस. अठराच्या साली, मधल्या वाडीबरोबर. एक घेतला होता."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मधल्या वाडीवाल्यांनी माना हलवल्या, कोणालाच आठवेना. रेवाळ्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. लिहिला असेल तर त्यांनीच लिहिला असणार, आणि त्यांनाही आठवत नव्हता. त्यांच्या हातातलं पेन तसंच थांबलं.

मागच्या रांगेत दत्ताराम उभा राहिला.

"घेतला होता त्याने," तो म्हणाला. "समोरच्या टोकाला मी होतो. मीच पळालो ना. पुढच्या बॉलला मी आउट झालो, म्हणून कोणाच्या लक्षात नाय राहिला."

शिवाने दत्तारामकडे बघून मान हलवली, एकदाच. रेवाळ्यांनी कागद टेबलावर ठेवला, तीनवर सावकाश काट मारली, बाजूला चार लिहिला, आणि स्कोअरबुकात डाव संपल्यावर ओढत असत तशी त्याच्याखाली पट्टी न लावता एक सरळ रेघ ओढली.